अनुभव धागा : बायबलला मान देतो, पण त्याचं ऐकतो का?

बावखलाकाठी

नमस्कार मंडळी. 30 सप्टेंबरला संत जेरोमचा सण येतोय, त्याने बायबल लॅटिनमध्ये आणलं आणि शास्त्र माहीत नसणं म्हणजे ख्रिस्त माहीत नसणं असं तो सरळ म्हणून गेला. त्यावरून डोक्यात बरेच दिवस घोळत होतं म्हणून हा धागा काढतेय.

आमच्याकडे वसईत सणाच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) ग्रंथ उंच धरून मिरवणुकीने आणतात. वाचन सुरू झालं की सगळे उभे, कपाळावर, ओठांवर, छातीवर छोटे छोटे क्रूस, वाचून झालं की फादर पानाचं चुंबन घेतात. मला हे सगळं मनापासून आवडतं, कुणी त्याला नुसतं कर्मकांड म्हटलं तर मी भांडेन. पण मिस्सा संपून पार्किंगमध्ये गाड्या काढताना जी भाषा ऐकू येते ना, तेव्हा वाटतं आपण उभे नक्की कशासाठी राहिलो होतो.

तर लिहा. एखादं वचन ऐकलं किंवा वाचलं आणि त्यापायी खरंच काहीतरी करावं लागलं, असं तुमच्या घरात घडलंय का? पैसा, जमीन, भांडणं, स्वयंपाकघर, काहीही चालेल. चमत्कार कमी, रोजचं जास्त. कॅथलिक, प्रॉटेस्टंट सगळे या, ख्रिस्ती नसाल तरी या. फक्त कुणाची नावं घेऊ नका प्लीज.

नाखव्याचा_मोठा

आमची बोट आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे मे संपता संपता बोटी वर ओढून शाकारतात आणि बाहेरगावचे खलाशी गावी जातात. तेव्हा हिशोब होतो, पण पूर्ण नाही होत, थोडे पैसे नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, मागे ठेवतो म्हणजे माणूस ऑगस्टला परत येतो, दुसऱ्याच्या बोटीवर जात नाही. वर्षानुवर्षं हेच, कुणाला त्यात वावगं वाटत नाही, खलाशांनाही सवय झालेली.

एका वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्या वाड्यातल्या प्रार्थनासभेत जुन्या करारातल्या (बायबलच्या पहिल्या भागातल्या) अनुवाद पुस्तकाचा 24 वा अध्याय वाचला गेला, मजुराची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत द्या, तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्यावर टांगलाय. पप्पा काही बोलले नाहीत. मे महिन्यात मात्र सगळ्यांचा पै न् पै हिशोब करून हातात दिला. मम्मी चिडली कारण त्यातून इंजिनाचं काम करायचं होतं. बाकीचे नाखवे त्याहून चिडले, तू रेट बिघडवतोस, उद्या आमचे पण मागतील. आणि ऑगस्टला काय झालं तर दोघे आलेच नाहीत, एक तर समोरच्याच बोटीवर दिसला. पप्पांनी नवीन माणसं शोधली, सुरुवातीच्या फेऱ्या उशिराने गेल्या, नुकसान झालंच. तरी पुढच्या मेला परत तेच केलं. मी विचारलं तर म्हणाले, पुस्तकात परत येतील असं कुठे लिहिलंय, द्या एवढंच लिहिलंय.

शंकेखोर

@नाखव्याचा_मोठा, वडिलांना सलाम, पण एक विचारतो, राग नको. जुन्या करारातला मोशेचा नियमच पाळायचा तर लेवीय 11 पण पाळा की. खवले आणि पर नसलेलं पाण्यातलं काही खायचं नाही. म्हणजे कोळंबी गेली, चिंबोरी गेली, तिसऱ्या गेल्या, माकूल गेलं. कोकणात राहून ख्रिस्ती माणसाने मग खायचं काय, भेंडी? आपण सोयीचं तेवढं उचलतो असं मला वाटतं.

धर्मशिक्षणवाली

शंकेखोर, हा प्रश्न माझ्या नववीच्या वर्गात दरवर्षी येतो आणि दरवर्षी कोळंबीवरूनच येतो 😄

खाण्याचं उत्तर नव्या करारातच आहे. प्रेषितांची कृत्ये 10 मध्ये येशूचा शिष्य पेत्र याला दृष्टान्तात एक चादर दिसते, सगळ्या तऱ्हेचे प्राणी त्यात, आणि देवाने शुद्ध केलेलं तू अशुद्ध म्हणू नकोस असं त्याला ऐकू येतं. मग 15 व्या अध्यायात यरुशलेमात प्रेषित बसून ठरवतात की परराष्ट्रीयांमधून आलेल्यांवर मोशेच्या नियमशास्त्राचं सगळं ओझं टाकायचं नाही. मार्क 7 पण वाचा. मजुरीचं मात्र उलट आहे, ते कुठेही सैल झालेलं नाही. याकोब 5:4 बघा, कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडतेय आणि तो आवाज देवाच्या कानापर्यंत गेलाय. म्हणजे जे आपल्याला जड जातं तेच नेमकं दोन्ही करारांत आहे आणि जे सोडायला सोपं गेलं असतं ते… जाऊदे, चिंबोरी सोडणं पण सोपं नाहीये.

तळकोकणी

आम्ही सावंतवाडीकडचे. आमची आजी शाळेत गेलीच नाय, अक्षर ओळखीचा नाय, पण बायबलाक हात लावच्या आधी हात धुतल्याशिवाय राहायची नाय. देवघरासारखा कोनाडा होता, त्यात क्रूस, माळ आणि ग्रंथ, वर दुसरा काय ठेवूक द्यायची नाय, माझा चष्मा पण नाय.

(पुढचं सरळ मराठीत लिहितो नाहीतर वसईवाले वैतागतील.) संध्याकाळी माळ (जपमाळेची प्रार्थना) झाली की मी वाचायचो आणि ती ऐकायची. मत्तय 25 तिच्या आवडीचं, मी भुकेला होतो तुम्ही मला खायला दिलंत, ते. ते ज्या दिवशी वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पेजेत तांदूळ जास्त पडायचे, आणि मग कोण येतंय याची ती वाटच बघायची. पोस्टमन, झाडपी, बांगडीवाला, एकदा तर वीजबिलाचा माणूस. तो म्हणाला आजी मी जेवून आलोय. तरी बसवला.

अडचण वेगळीच आहे. ती गेली आणि घर पावसात बंद राहिलं. आता त्या ग्रंथाला आतून वाळवी लागलीय, बाहेरून बुरशी. टाकवत नाही, ठेववत नाही. काय करतात अशा वेळी?

धर्मशिक्षणवाली

@तळकोकणी, आशीर्वादित वस्तू आपल्यात पुरतात किंवा जाळतात, रद्दीत किंवा कचऱ्यात टाकत नाहीत. फादरांना सांगा. आजीच्या हाताचं काही लिहिलेलं नसेल तरी आत कुणाच्या बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या तारखा आहेत का ते आधी बघा, जुन्या घरांत बरेचदा असतात.

हापूसवाली_लेक

रत्नागिरी, प्रॉटेस्टंट. आमच्याकडे वेदी-मेणबत्ती असं काही नसतं, मान द्यायचा म्हणजे संध्याकाळी घरातली प्रार्थना चुकवायची नाही आणि वाचताना टीव्ही बंद, इतकंच. पण नीतिसूत्रे 11:1 आमच्या घरात भिंतीवर आहे, खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो ते.

हायवेला आमचा सीझनला स्टॉल असतो. आंबा धंद्यात काय चालतं ते सगळ्यांना माहितीय, कर्नाटकचा आंबा स्वस्तात येतो, तसाच दिसतो, पेटीवर रत्नागिरी छापलं की झाला हापूस. 2018 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, कोकणातल्या जिल्ह्यांचाच तो हापूस असं कागदावर ठरलं, पण गिऱ्हाईक रस्त्यावर थांबून कागद बघत नाही. ज्या वर्षी थ्रिप्स किडीने मोहोर खाल्ला आणि आमच्या बागेत आंबाच नव्हता त्या वर्षी एक व्यापारी गाडी घेऊन दारातच आला, पेट्या तुमच्या, आंबा माझा, अर्धे अर्धे. बाबा भिंतीकडे बघून हसले फक्त. मग त्यांनी काय केलं तर त्याच्याकडून थोडा माल घेतला आणि पाटी लावली, 'कर्नाटक आंबा', मोठ्या अक्षरात. लोक थांबायचे, पाटी वाचायचे आणि पुढच्या स्टॉलवरून तोच आंबा दुप्पट भावाने हापूस म्हणून घेऊन जायचे!! आमच्या डोळ्यासमोर. भाऊ रडकुंडीला आला होता. आशीर्वाद वगैरे काही आला नाही त्या वर्षी, कर्ज मात्र आलं.

मोबाईल_बायबल

छोटा प्रश्न. चर्चमध्ये फोनवर वाचलं तर मागची काकू डोळे वटारते. मला खरंच अक्षर मोठं लागतं. हा अपमान कसा काय?

बावखलाकाठी

नाही वाटत मला, फक्त व्हॉट्सॲप बंद ठेवा. वाचनमंचावर मात्र ग्रंथच हवा या मताची मी आहे. नहेम्या 8 मध्ये एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहून सगळ्यांसमोर ग्रंथ उघडतो आणि लोक उठून उभे राहतात, पहाटेपासून दुपारपर्यंत ऐकतात. तिथे फोनची बॅटरी संपली असती 😛

सून_नं_दोन

मी जरा वेगळं लिहिते. आज्ञापालन हा शब्द आमच्या घरात एकाच दिशेने वाहायचा. इफिसकरांस 5, स्त्रियांनी पतीच्या अधीन राहावं, हे मला लग्नात ऐकवलं, नोकरीचं विचारलं तेव्हा ऐकवलं, माहेरी जायचं म्हटलं तेव्हा ऐकवलं. मी उलट बोलले नाही कारण शास्त्राला उलट कसं बोलणार.

मग एकदा घरच्या प्रार्थनेत वाचायची पाळी माझी होती. मी तोच अध्याय काढला आणि एक ओळ आधीपासून सुरू केलं, 21 वं वचन, ख्रिस्ताच्या भयाने एकमेकांच्या अधीन असा. आणि थांबायचं तिथे थांबले नाही. पतींनो, ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी बायकोवर प्रीती करा, तिथपासून अध्याय संपेपर्यंत, सावकाश. आवाज चढवला नाही. सासरे माळ घेऊन बसले होते ते तसेच बसून राहिले. नवऱ्याने रात्री स्वतः पुस्तक काढून परत वाचलं. नोकरीचा विषय लगेच सुटला नाही, वर्षभराने सुटला. पण ते वचन मला कुणी परत ऐकवलं नाही.

वाडीवाला

आमचं पण लिहितो, लांब होईल.

वडील आणि काका, वाडी एक, विहीर एक. आजोबा गेल्यावर वाटणी झाली ती तोंडी, सातबाऱ्यावर नावं एकत्रच. जमिनीला भाव नव्हता तोपर्यंत ठीक होतं, मग भाव आला आणि बांध कुठे होता इथपासून सुरुवात झाली. आधी पाण्याची पाळी, मग केळीचे घड कुणी कापले, मग वकील. दोन्ही घरं एकाच चर्चला, एकाच मिस्सेला, काका डावीकडे बसणार वडील उजवीकडे. वडील वाचक होते, म्हणजे मंचावरून वाचायचे, आवाज भारी, लोक कौतुक करायचे.

मत्तय 5 चं शुभवर्तमान आलं एका रविवारी. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. इथे एक लक्षात घ्या, तुझ्या मनात काही असेल तर असं नाहीये ते, त्याच्या मनात असेल तर असं आहे. म्हणजे चूक कुणाची हा मुद्दाच निघून जातो. प्रवचन झालं, अर्पणाचं गीत सुरू झालं आणि वडील उठून बाहेर गेले. आम्हाला वाटलं बरं वाटत नसेल. नंतर कळलं, काका त्या दिवशी आजारी म्हणून घरीच होते आणि वडील सरळ त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. काकूने पाणी आणलं नाही. काका बाहेर आले नाहीत बराच वेळ. आले तेव्हा दोघे बोलले ते काय, तर यंदा पानवेल कशी आहे.

केस अजून चालू आहे, खोटं कशाला सांगू. पण विहिरीवरचं कुलूप निघालं आणि काकांच्या ऑपरेशनला रक्त द्यायला वडील पहिले गेले. वडिलांनी मंचावर वाचणं मात्र बंद केलं, केस मिटली की वाचेन म्हणतात. फादर म्हणाले असं काही बंधन नाही. ऐकत नाहीत.

शंकेखोर

@वाडीवाला, हे पटलं. कोळंबीवाला मुद्दा मागे घेत नाही पण हे पटलं.

कोर्लईकर_पोरगी

आम्ही कोर्लईचे, घरात आमची नौ लिंग म्हणजे पोर्तुगीजमधून आलेली बोली, मिस्सा मराठीत. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा अर्ध्या गावाचे पत्रे उडाले. मदतीच्या ताडपत्र्या आल्या त्यात आमच्या घराला चुकून दोन मिळाल्या. आई म्हणाली, दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, लूक 3. मी म्हटलं आई अंगरखा म्हटलंय, ताडपत्री नाही, आणि पाऊस तोंडावर आहे. तिने दिलीच. स्वयंपाकघर गळलं तो पावसाळाभर. बस्स एवढंच, आमच्याकडे मोठी गोष्ट नाही.

वेंगुर्ल्याची_नर्स

एक काळजीची बाजू. याकोब 5:14, आजाऱ्याला वडीलमंडळींनी तेल लावून प्रार्थना करावी, हे धरून काही घरं औषध बंद करतात, शुगरच्या गोळ्या बंद केलेले पेशंट मी स्वतः बघितलेत. तिथे डॉक्टरकडे जाऊ नका असं कुठेही लिहिलेलं नाही. कॅथलिक बायबलमध्ये सिराखचं पुस्तक आहे (73 पुस्तकांमधलं, प्रॉटेस्टंटांच्या 66 पुस्तकांमध्ये ते नसतं), त्याच्या 38 व्या अध्यायात वैद्याला मान द्या, औषधं देवाने जमिनीतून दिलीत, शहाणा ती झिडकारत नाही, असं स्पष्ट आहे. प्रार्थना करा, तेल लावा आणि गोळी पण घ्या.

पारायणवाला

मी ख्रिस्ती नाही, देवगडचा. वाचतोय सकाळपासून. आमच्याकडे ज्ञानेश्वरीचं पारायण असतं, ग्रंथ डोक्यावर घेऊन दिंडी निघते आणि परत आल्यावर बांधावरून भांडणं तीच. @वाडीवाला तुमचे वडील आमच्या गावात पण आहेत, फक्त ते अजून उठून गेलेले नाहीत. फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाबद्दल ऐकलंय, 1616 चं, ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांमध्ये. ते अजून कुठे मोठ्याने वाचतात का?

आणि @हापूसवाली_लेक, पेट्या मिळतील का?

हापूसवाली_लेक

सप्टेंबरात कुठला आंबा दादा, एप्रिलमध्ये विचारा. पाटी वाचून घ्या मात्र.