मदत हवी आहे : जुने मशीन घेतले, पण सॉफ्टवेअर नंबर मागते

पडद्यामागचा

नमस्कार. मी नुकतेच एक सेकंड हँड मशीन विकत घेतले. मशीनची स्थिती उत्तम आहे आणि केबल जोडताच सगळे दिवे लागतात. परंतु सॉफ्टवेअर उतरवून उघडले की ते सिरियल नंबर मागते, आणि मशीनच्या तळाशी छापलेला नंबर टाकला तर तो स्वीकारत नाही. तीन वेळा भिंग घेऊन तपासला, शून्याच्या जागी ओ घालून पाहिला, पण उपयोग झाला नाही. विकणाऱ्याने माझ्यासमोर ते चालवून दाखवले होते, त्यामुळे मशीनमध्ये दोष नाही हे नक्की. रविवारच्या तालमीला ते घेऊन येतो असे मी मंडळींना सांगून बसलो आहे. योग्य नंबर नेमका कुठे सापडतो, एवढेच सांगावे. 'नवीन घ्या' असा सल्ला कृपया कोणी देऊ नये.

सुईदोरा

माझाही अगदी असाच अनुभव आहे. संगणकावर चालणाऱ्या भरतकामाच्या मशीनबरोबर डिझाइनचे सॉफ्टवेअर येते आणि ते यूएसबीला लावायच्या एका लहानशा चावीवर चालते. जुने मशीन घेताना ती चावी मागून घ्यायची राहिली, म्हणून मला नंतर बरेच हेलपाटे घालावे लागले. नाटकाचे पोशाख शिवायचे असतील तर साधे मशीनही पुरते, असे माझे मत आहे.

तारांचा गुंता

धागालेखक, मशीन कुठले, हे आपण लिहिलेलेच नाही. तालमीचा उल्लेख वाचून मी काही अंदाज बांधला आहे, पण अंदाजावर उत्तर देणे बरे नव्हे. मॉडेल कोणते, कोणाकडून घेतले, खोक्यासह मिळाले की नुसतेच, आणि विकणाऱ्याने चालवून दाखवले ते कोणाच्या संगणकावर, या चार गोष्टी सांगाव्यात. शेवटची सर्वांत महत्त्वाची आहे.

पडद्यामागचा

मला वाटले होते की नावावरूनच कळेल. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीच्या वाद्याचे नावच 'मशीन' आहे; संगणकाला जोडून त्याच्या पॅडवर बोटांनी आवाज वाजवायचे. सोळा पॅड, दोन रंगीत पडदे आणि आठ फिरत्या कळा आहेत. गोव्यात मोरजीला भाड्याच्या घरात राहणाऱ्या एका परदेशी गृहस्थाकडून मे महिन्याच्या अखेरीस अठरा हजार रुपये रोख देऊन घेतले. खोके मिळाले नाही. मशीन टॉवेलात गुंडाळलेले होते. त्याने ते अर्थातच स्वतःच्या लॅपटॉपला जोडून दाखवले, माझा लॅपटॉप मी नेलाच नव्हता. या तपशिलांनी नंबर कसा सापडणार?

तारांचा गुंता

नंबर सापडणार नाही, हे या तपशिलांतूनच कळते. रंगीत पडद्यांवरून आपले मॉडेल २०१७ साली आलेले एमके-३, म्हणजे तिसरी पिढी, दिसते. पहिले मशीन २००९ साली आले, त्याचे पॅड एकाच रंगात उजळत. २०१२ च्या एमके-२ मध्ये पॅड रंगीत झाले, पडदे मात्र साधेच राहिले.

तळाशी छापलेला आहे तो यंत्राचा नंबर. सॉफ्टवेअरचा नंबर वेगळा असतो, आणि पहिल्या मालकाने तो आपल्या खात्यात एकदा नोंदवला की लायसन्स त्या खात्याला जोडले जाते. मोरजीत आपल्यासमोर जे चालले, ते त्या गृहस्थाच्या लॅपटॉपवर, त्याच्या खात्यातल्या लायसन्सवर चालले. आपल्या हाती आला तो नुसता कळफलक म्हणा, सोळा पॅडचा. लायसन्स आपल्या नावावर करून देता येते, पण ते हस्तांतर विकणाऱ्यालाच त्याच्या खात्यातून सुरू करावे लागते. तेव्हा नंबर शोधण्यापेक्षा माणूस शोधा.

पडद्यामागचा

माणूस पाऊस सुरू होण्याआधी निघून गेला. मी वस्तूचे पूर्ण पैसे मोजले आहेत. स्कूटर विकत घेतल्यावर तिची चावी पहिल्या मालकाच्या खिशात राहत नाही.

शॉर्टकट

एवढा विचार कशाला करता? याची लायसन्स न मागणारी आवृत्ती सहज मिळते. खाली दुवा देत आहे.

संपादक

वरील प्रतिसादातील दुवा काढून टाकला आहे. असे दुवे येथे देऊ नयेत.

तारांचा गुंता

दुवा गेला ते बरे झाले. अशाच एका आवृत्तीपायी आमच्या ओळखीतल्या एका ध्वनिमुद्रकाच्या संगणकावरची दोन वर्षांची भजने कुलूपबंद झाली, आणि ती उघडण्यासाठी खंडणीची मागणी आली. नाटकाच्या आदल्या दिवशी असे काही झाले तर निदान मला तरी बोलावू नका.

कलम

मूळ मुद्दा मालकीचा आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या खटल्यात ३ जुलै २०१२ रोजी असा निवाडा दिला की मुदतीचे बंधन नसलेली सॉफ्टवेअरची प्रत एकदा विकली की तिच्या पुनर्विक्रीला मूळ कंपनी हरकत घेऊ शकत नाही. ही कंपनी बर्लिनची आहे, तेव्हा धागालेखकांनी ठामपणे पत्र लिहून हक्क मागावा.

तारांचा गुंता

कलम साहेब, त्याच निवाड्यात असेही म्हटले आहे की विकणाऱ्याने विक्रीच्या वेळी स्वतःकडची प्रत निकामी केली पाहिजे. येथे विकणाऱ्याने सॉफ्टवेअर विकलेलेच नाही. त्याने टॉवेलात गुंडाळून एक यंत्र विकले. शिवाय व्यवहार मोरजीत झाला आहे, लक्झेंबर्गमध्ये नव्हे, आणि आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा हिशोब वेगळा आहे. कंपनी हस्तांतराला मनाई करतच नाही, तर पत्र कशासाठी लिहायचे?

कलम

मी तत्त्वाविषयी बोलत होतो.

स्वतःच्या पायावर

लायसन्सची ही कटकट नको असेल तर संगणकाशिवाय चालणारे यंत्र घ्यावे, असे मी गेली अनेक वर्षे सांगत आलो आहे. माझ्याकडे अकाई कंपनीचे एमपीसी वन हे असेच पॅडचे यंत्र आहे. २०२० साली आले, सात इंचांचा स्पर्शपडदा आहे, सॉफ्टवेअर त्याच्या पोटातच असते. वीज दिली की वाजते. जुने घेतले तरी कोणाच्या मागे धावावे लागत नाही. एबलटन कंपनीचे पुश-२ हे पॅडचे यंत्रसुद्धा बरे, कारण लाइव्ह या सॉफ्टवेअरची लहानातली लहान आवृत्ती असली तरी ते चालते आणि लायसन्स त्या यंत्रावर अवलंबून नसते. आपण हे मशीन विकून टाकावे आणि थोडी भर घालून एमपीसी घ्यावे.

पडद्यामागचा

'नवीन घ्या' असा सल्ला नको, असे मी लिहिले होते.

स्वतःच्या पायावर

मी जुनेच घ्या म्हणतो आहे.

ओलावा

लायसन्स बाजूला ठेवा. किनाऱ्यावरच्या घरात वापरलेले यंत्र पावसाळ्यात उघड्यावर ठेवू नका. खाऱ्या हवेने फिरत्या कळा खरखरतात आणि यूएसबीच्या तोंडाशी हिरवट थर धरतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावे. पुड्या नसतील तर कापडाच्या पुरचुंडीत कोरडे तांदूळ बांधावेत, पण पुरचुंडी घट्ट असावी, नाहीतर दाणे पॅडच्या फटीत जातात. माझे गेले आहेत.

शामेळवाली

कोणी विचारलेच नाही म्हणून मी विचारते : तुम्हाला या मशीनवर करायचे आहे तरी काय?

पडद्यामागचा

ताई, आमच्या गावच्या जत्रेला पौराणिक नाटक होते. त्यात शंख, वीज, गदेचा आघात, आकाशवाणीचा घुमारा असे वीसबावीस आवाज लागतात. आजवर मोबाइलवरून वाजवत होतो. गेल्या वर्षी मयसभेत पडदा वर जात असताना कोणाचा तरी फोन आला आणि दुर्योधनाच्या प्रवेशाला रिंगटोन वाजली. म्हणून पॅड घेतले. जमल्यास घुमटाचे (आमच्याकडच्या मातीच्या चर्मवाद्याचे) बोलही भरून ठेवणार आहे, कारण आमचा घुमटवाला नोकरीसाठी बाहेरगावी गेला.

शामेळवाली

आवाज वाजवायला तुमचे मशीन चालेल, पण घुमटाचे तेवढे सोडा. घुमटाच्या रुंद तोंडावर चामडे असते आणि अरुंद तोंड उघडे. उजव्या हाताने थाप मारताना डावा तळवा त्या उघड्या तोंडावर झाक-उघड करतो, तेव्हा कुठे तो 'घूं' वर चढतो आणि खाली येतो. तुम्ही एक थाप भरून घ्याल, आणि ती प्रत्येक वेळी तीच थाप येईल. सुवारीत, म्हणजे घुमटाच्या सामूहिक वादनात, शामेळ हे काठ्यांनी वाजवायचे वाद्य वाजवणाऱ्याला समोरच्या थापेतला हा फरक ऐकूनच पुढची काठी टाकायची असते. २०१९ साली सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य ठरवले ते काय पॅडवर बडवायला?

स्वतःच्या पायावर

तशी चढउतार एमपीसीवर करता येते.

शामेळवाली

करून ऐकवा, मग बोलू. घोरपडीचे चामडे गेले, बकऱ्याचे आले, तेवढी तडजोड आम्ही केली आहे.

तारांचा गुंता

ताईंनी विचारले ते मी पहिल्याच प्रतिसादात विचारायला हवे होते, कारण आता मार्ग सोपा आहे. वीसबावीस आवाज वाजवण्यासाठी कंपनीच्या सॉफ्टवेअरची गरजच नाही. शिफ्ट दाबून धरा आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातले चॅनेल बटण दाबा. मशीन मिडी मोडमध्ये जाते (मिडी म्हणजे कोणती कळ दाबली हे संगणकाला कळवण्याची वाद्यांची सामाईक भाषा), म्हणजे कोणत्याही सॉफ्टवेअरला साध्या मिडी कळफलकासारखे दिसते. कोणत्या पॅडने कोणता स्वर पाठवायचा हे कंट्रोलर एडिटर नावाच्या मोफत प्रोग्रामात ठरवता येते. ड्रायव्हरही मोफत आहे. तो घालून घ्या, म्हणजे मशीनमध्येच असलेले साउंड कार्ड वापरता येईल आणि स्पीकरची वायर थेट त्याच्या पाठीत जाईल.

आवाज वाजवण्यासाठी रीपर हे सॉफ्टवेअर घ्या. ते ६० दिवस विनामूल्य वापरून पाहता येते आणि नंतर वैयक्तिक वापराचे लायसन्स ६० डॉलरचे आहे. त्यात रिसॅम्पलोमॅटिक नावाचा सॅम्पलर, म्हणजे भरून ठेवलेला आवाज कळ दाबताच वाजवणारा भाग, अंगचाच येतो. प्रत्येक आवाजासाठी त्याची एक प्रत उघडून तिला एकच स्वर नेमून द्या. बफर, म्हणजे संगणक वाजवण्याआधी साठवतो तो ध्वनीचा तुकडा, १२८ सॅम्पलवर ठेवलात तर ४४,१०० हर्ट्झला सुमारे २.९ मिलिसेकंदांचा उशीर होतो. १०२४ वर तोच २३ च्या पुढे जातो आणि बोटाला जाणवतो.

या मार्गात मशीनच्या पडद्यांवर ध्वनीची लहर दिसणार नाही आणि कंपनीची ध्वनींची पेटीही मिळणार नाही. तरीही त्या गृहस्थाचा शोध थांबवू नका. घरमालकाकडे त्याचा फोन नंबर असेलच.

स्वतःच्या पायावर

२३ मिलिसेकंद काय किंवा ५० काय, भीमाची गदा दुर्योधनाच्या मांडीपर्यंत वेळेवर पोचेल याची तरी खात्री कुठे असते?

पडद्यामागचा

काल घरमालकीणबाईंकडून नंबर मिळाला आणि त्या गृहस्थाला निरोप पाठवला. त्याचे उत्तर आज सकाळी आले : लायसन्स त्याने मार्चमध्येच आपल्या एका मित्राला वेगळे विकले आणि मित्राच्या खात्यावर करूनही दिले. म्हणजे मे महिन्यात माझ्यासमोर जे चालले ते मित्राच्या लॅपटॉपवर. याविषयी त्याला काहीच विशेष वाटले नसावे, कारण शेवटी त्याने सूर्याचे चित्र पाठवले आहे. मालकीणबाईंचेही दोन महिन्यांचे वीजबिल त्याच्याकडे येणे आहे, तेव्हा आम्ही दोघांनी चहा घेतला.

गुंता साहेबांनी सांगितले तसे मिडी मोड आणि रीपर घालून पाहिले. वीज कडाडते, गदा वाजते. एकच अडचण आहे : पॅडवरून बोट उचलताच शंख मध्येच तुटतो. मशीनचा दोष असावा काय?

ओलावा

पॅडखाली ओल गेली असणार.

तारांचा गुंता

ओल नाही. सॅम्पलरच्या खिडकीत 'ओबे नोट-ऑफ्स' असा चौकोन आहे, त्यावर आपल्याकडून चुकून खूण झाली असेल. खूण काढा; मग बोट उचलले तरी आवाज शेवटपर्यंत वाजेल. आकाशवाणीच्या घुमाऱ्याला मात्र ती खूण राहू द्या, कारण नट वाक्य लवकर संपवतो आणि घुमारा तसाच चालू राहतो.

पडद्यामागचा

खूण काढली. शंख पूर्ण वाजला, आणि शेजारच्या घरातून आजी विचारायला आल्या की आज कसली पूजा आहे.

शामेळवाली

आणि घुमट?

पडद्यामागचा

घुमटासाठी डिचोलीच्या एका मुलाला विचारले आहे. तो रविवारी तालमीला येतो म्हणाला.