‘संपादन’ की ‘पदरचं अक्षर’?

(तीन गावांतल्या तिघांचा संवाद)

देवगड : बारावीसाठी विषाणूंवर टिपण लिहितोय. प्रतिलेखन, भाषांतरण हे शब्द पाठ्यपुस्तकातलेच घेतले. अडलं ते ‘आरएनए एडिटिंग’पाशी, म्हणजे जनुकाची आरएनए-प्रत मूळ साच्याहून वेगळी होते तिथे. ‘संपादन’ लिहिलं, तर एका मुलीनं विचारलं, “सर, पेशीत संपादक कोण बसलाय?” बाळशास्त्री जांभेकरांचं पोंभुर्लं आमच्याच तालुक्यात, त्यामुळे संपादक म्हटलं की पोरांना माणूसच दिसतो. ‘दुरुस्ती’ चालेल?

रत्नागिरी : दुरुस्ती बिघडलेल्या पंपाची, सर. इथे काही बिघडलेलंच नसतं. गोवराच्या विषाणूचं ‘पी’ जनुक घ्या. नक्कल उतरवताना विषाणूचंच पॉलिमरेज, म्हणजे प्रत तयार करणारं विकर, ठरलेल्या जागी अडखळतं आणि काही प्रतींत ‘जी’ हे आरएनएचं अक्षर एकदा जास्त पडतं. वाचन तिनातिनानं, म्हणून पुढचं सगळं सरकतं. ‘कमल बदक पकड’मध्ये एक ‘ब’ वाढवा : ‘कमल बबद कपक ड’. आपल्याला चकवा लागतो. विषाणूला मात्र त्यातून ‘व्ही’ हे वेगळं प्रथिन मिळतं, पेशीच्या इंटरफेरॉन या विषाणूरोधक प्रथिनांच्या बंदोबस्ताला गुंगारा देणारं. वर्गात मी ‘पदरचं अक्षर’ म्हणते.

देवगड : ताई, ‘पदरचं घालून सांगू नको’ असं आई म्हणायची. खोटेपणाचा वास येतो त्याला.

मालवण : येऊ दे की! दशावतारात पात्रं पदरचंच बोलतात, लिहिलेली संहिता कुठे असते? माझी अडचण वेगळी आहे. गालगुंडाच्या विषाणूत सगळं उलटं. जशीच्या तशी उतरलेली प्रत ‘व्ही’ची, आणि दोन ‘जी’ वाढले तर ‘पी’. इबोलातही साध्या प्रतीतून पेशीबाहेर सोडलं जाणारं प्रथिन होतं. विषाणूच्या आवरणावरचं पूर्ण प्रथिन हवं तर एक ‘ए’ वाढावा लागतो. मग मूळ कुठलं आणि पदरचं कुठलं?

रत्नागिरी : मूळ म्हणजे साच्यात असलेलं, एवढंच. कामाचं कुठलं हा प्रश्न निराळा. बाकी ‘एडिटिंग’ हा शब्दही विषाणूंसाठी निघालेला नाही. १९८६ साली रॉब बेने आणि सहकाऱ्यांनी तो ट्रिपॅनोसोमा या एकपेशीय परजीवीच्या आरएनएबद्दल वापरला. मात्र हेपॅटायटिस डेल्टा या यकृताच्या विषाणूत ‘संपादन’ चपखल बसतं. तिथे यजमान पेशीचं ‘एडार’ हे विकर तयार आरएनएतलं एक अक्षर बदलतं, प्रथिन तिथेच संपवणारी थांब्याची खूण जाते आणि प्रथिन १९ अमिनो आम्लांनी लांबतं.

देवगड : मग मथळ्यात ‘संपादन’, गोवरापाशी ‘पदरचं अक्षर’. आणि त्या मुलीला उद्या डेल्टा सांगतो. तिला संपादक हवा होता ना!