वाट वाकडी करून गाठलेले दोस्त : अनुभव लिहा

मंडळी, पुण्यातून एकट्याने गाडी काढून लांब जाणारे आपल्यात बरेच आहेत. रस्ते, घाट, ढाबे यांवर आपण पुष्कळ बोलतो. मला मात्र एका वेगळ्या भेटीबद्दल ऐकायचं आहे. तुम्ही एकटे प्रवासात, तुमचा दोस्तही प्रवासातच पण भलत्याच वाटेवर, आणि त्याला गाठायला तुम्ही हायवे सोडलात. माझं ठाम मत झालंय की अशा वेळी ज्याचा वेग कमी, त्याच्या वाटेवर दुसऱ्याने जावं. गाडीवाल्याने चालणाऱ्याला 'अमुक चौकात ये' म्हणू नये.

माझ्यापासून सुरुवात करते.

आषाढात कारने गोकर्णला निघाले होते. कॉलेजातली मैत्रीण त्या वर्षी माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून चालत होती. खंबाटकी यायच्या आधीच, शिरवळला, हायवे सोडून लोणंदचा रस्ता धरला. वारीत तिकडची वाहतूक वळवलेली असते, म्हणून गाडी बरीच अलीकडे ओळखीच्यांच्या अंगणात लावली आणि पुढे चालत गेले. लाखोंच्या गर्दीत फोनवर विसंबता येत नाही, रेंजच मिळत नाही. आधी दोन गोष्टी विचारून ठेवायच्या: दिंडी रथाच्या पुढची की मागची, आणि तिचा नंबर. सामानाच्या ट्रकवर तो लिहिलेला असतो. 'माउली, ही दिंडी कुठे उतरलीय?' असं विचारत विचारत राहुटीपाशी पोचले, तर ही टँकरच्या पाण्यावर कपडे पिळत होती.

आई गेल्यापासून ती फोनवर 'बरी आहे'च्या पुढे जात नव्हती. त्या रात्री पंगत उठल्यावर बोलायला लागली. आईचा शेवटचा आठवडा, दवाखान्यातल्या रात्री, भावाशी झालेला अबोला. मध्येच थांबायची, शेजारच्या राहुटीतलं भजन ऐकायची, पुन्हा बोलायची. मी गोकर्णचं बुकिंग पुढे ढकललं. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर चांदोबाच्या लिंबापर्यंत चालले. पहिलं उभं रिंगण तिथे होतं. अश्व धावून गेले, लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावले आणि त्या गर्दीतच तिने मला घट्ट मिठी मारली. मग गाडीपर्यंत उलटी पायपीट, आणि वाठारवरून साताऱ्याला पुन्हा हायवे. तो एक दिवस माझ्या सगळ्या प्रवासाहून मोठा होता.

तुम्ही लिहा. भेट कशी ठरली, कुठे वळलात, तेही सांगा.

कोथरूड

ताईंचं वेगाबद्दलचं म्हणणं पटलं. मी निवृत्त आहे. भोपाळला मुलीकडे एकटाच कारने निघालो होतो. माझ्याबरोबर एकाच टेबलावर नोकरी केलेला मित्र त्या वेळी नर्मदा परिक्रमेत होता. त्याने ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने परिक्रमा उचलली होती. हा नियम गाडीवाल्याने नीट समजून घ्यावा: परिक्रमावासीने नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ती ओलांडायची नाही. त्यामुळे 'कुठल्या गावात आहेस' याच्याआधी 'कुठल्या तटावर आहेस' हे विचारावं लागतं.

त्याचा निरोप आला की बडवानीच्या पुढे शूलपाणीची झाडी लागेल, मग फोन लागायचा नाही. म्हणून मी धुळे, शिरपूर, बिजासन घाट करून सेंधव्याला वळलो. बडवानीजवळच्या आश्रमात तो सदावर्तात मिळालेल्या पिठाचे टिक्कड भाजत बसला होता. दाढी वाढलेली, गाल बसलेले, आणि चेहरा इतका निवांत की मी त्याला ऑफिसात तसा कधीच पाहिला नव्हता. मी त्याच्यासाठी नवे बूट, सुका मेवा, स्वेटर असं बरंच नेलं होतं. त्याने फक्त मोज्यांचा एक जोड घेतला. 'बाकीचं ओझं होईल रे.' रात्री आम्ही घोंगडीवर पडून जुन्या साहेबांपासून नातवंडांपर्यंत सगळं बोललो. पहाटे 'नर्मदे हर' म्हणून तो निघालासुद्धा.

मी परत हायवेला लागलो आणि खलघाटच्या पुलावरून नर्मदा ओलांडली. पुलावर मिनिटभरही लागला नाही. पलीकडच्या तटावर यायला त्याला विमलेश्वरपर्यंत चालत जाऊन, तिथून नावेने समुद्र पार करून मिठी तलाईला उतरायचं होतं. पूर्ण परिक्रमा अडीच हजार किलोमीटरहून जास्त. आम्ही ज्याला अंतर म्हणतो ते काय असतं, हे मला त्या पुलावर कळलं.

हडपसर

माझं थोडक्यात. मित्र गोव्याहून सागरी मार्गाने सायकलवर वर येत होता, मी मोटरसायकलवर ताम्हिणी, माणगाव, दापोली करत गणपतीपुळ्याला खाली निघालो होतो. मध्ये वाशिष्ठीची खाडी. दाभोळ-धोपावे फेरीबोट दोघांनाही घ्यायचीच होती, त्यामुळे जेटीच भेटीची जागा ठरली. तो दाभोळला उतरला, मी माझी बोट सोडून दिली. सायकल आणि मोटरसायकल शेजारी लावून गप्पा मारल्या. अशा भेटीला निघताना शेवटची बोट किती वाजता आहे ते आधीच विचारून ठेवा.

सदाशिव पेठ

माझी मैत्रीण नाटकाच्या दौऱ्यावर असते, प्रकाशयोजना सांभाळते. वर्षातले कितीतरी महिने बसमध्ये. मी कोल्हापूरला निघाले की त्यांचा दौरा कुठे आहे ते विचारते. एकदा सांगलीत प्रयोग होता, म्हणून पेठ नाक्याला डावीकडे वळले. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं ते हेच गाव. तिथल्या प्रेक्षागृहात मित्रमंडळींचं काम बघताना मला भरून येतं.

पण प्रयोग संपला म्हणजे ती मोकळी झाली असं नाही. सेट उतरवून, दिवे थंड झाल्यावर पेट्यांत भरून, सगळं गाडीत चढेपर्यंत बॅकस्टेजच्या माणसाशी बोलायचं नसतं. मी केबल गुंडाळायला लागले. तिने नीट कशा गुंडाळायच्या ते दाखवलं, आणि आमच्या निम्म्या गप्पा त्या केबलींवरच झाल्या. उरलेल्या अडीच वाजता, ढाब्यावर, सगळ्या मंडळींच्या पंगतीत. दौऱ्यावरच्या माणसाला भेटायचं तर त्याच्या कामात हात घालावा, हे मी मनापासून सांगते.

औंध

एकट्या बाईने रात्री अनोळखी फाट्याला वळू नये, असं मला वाटतं. मी भेटी दिवसाच ठरवते. हायवे सोडायच्या आधी टाकी भरते आणि घरी लोकेशन पाठवते. सदाशिव पेठेतल्या ताईंना पोचवायला अख्खं नाटक होतं, सगळ्यांना ते नसतं.

भोर

आमच्या शेतात दरवर्षी धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट त्यांचा फिरता तळ, बसतो. मेंढरं बसवली की शेताला खत मिळतं, त्यांना धान्य. त्यातली एक मुलगी माझ्या वयाची. लहानपणी वाडा बसला की आम्ही दिवसभर एकत्र असायचो. दिवाळीच्या सुमाराला ते देशावरून कोकणात उतरतात, पावसाच्या आधी परत वर येतात.

मी आता पुण्यात नोकरी करते. गेल्या हिवाळ्यात एकटीच स्कूटरवर महाडला निघाले, वरंधा घाटातून. ती खाली उतरलीय एवढंच माहीत होतं. तिचा फोन चार्जिंग मिळेल तेव्हा चालू. घाट उतरल्यावर चहाच्या टपरीवर विचारलं, 'काल गेला वाडा, बिरवाडीकडं.' बिरवाडीच्या अलीकडे शेतातल्या बाईने सांगितलं, घोडी त्या बांधाला चरतायत. बिऱ्हाड घोड्यांवर घेऊन बाया पुढे येतात, पुरुष मेंढरं घेऊन मागून. ती नुकतीच पोचली होती, घोड्यावरून भांडी उतरवत होती. मला बघून तिने आधी कोकरू माझ्या हातात दिलं, मग पाणी.

तिची मुलगी शाळेत घालायची होती. वाडा हलता, मग दाखला कुठला, राहणार कुणाकडे? त्यावर आम्ही संध्याकाळपर्यंत बोललो. मी भोरच्या शाळेत विचारून ठेवते म्हणाले आणि परत आल्यावर विचारलंही. मुलगी जूनपासून आमच्या आईकडे राहील. वाडा परतीला वर येईल तेव्हा ती तिला घेऊन येणार आहे.