मदत हवी आहे: रिमोट किल्लीचं बटण गेलंय, वॉरंटीत बसेल का?

गाडीला अडीच वर्षं झालीत, वॉरंटी ३ वर्षांची. किल्लीवरचं अनलॉकचं बटण गेले काही महिने जोर लावून दाबावं लागायचं. आता त्यावरचं रबर फाटून आतला बारीक स्विच दिसतोय आणि दहादा दाबलं तर एकदा दार उघडतं. लॉकचं बटण पहिल्या दाबात चालतं. सेल (सीआर २०३२) नवीन टाकून पाहिला, फरक शून्य. दुसरी किल्ली कपाटात पडून असते, ती मस्त चालते. म्हणजे गाडीत दोष नसावा.

सर्व्हिस सेंटरमध्ये किल्ली उघडूनही न बघता सांगितलं, "ही वापरामुळे झालेली झीज. पूर्ण किल्ली नवीन घ्या, कोडिंग करून घ्या." (कोडिंग म्हणजे नवी किल्ली गाडीत नोंदवणं.) रबर झिजतं हे मला मान्य आहे. पण किल्ली कधी पडली नाही, भिजली नाही. आतला स्विच इतक्यात जावा हे पटत नाही. वॉरंटीच्या पुस्तिकेत वायपर, ब्रेक पॅड, सेल वगळलेत, किल्लीचा उल्लेखच नाही.

बाजारात नुसतं कव्हर मिळतं, ते बसवू का? की त्याने उरलेली वॉरंटीही अडचणीत येईल? गाडी मी आणि बाबा दोघं चालवतो, एका किल्लीवर भागत नाही.

प्रतिसाद १
कव्हरने तुमचं काम होणार नाही. रबर नवीन येईल, पण स्विच बोर्डावर सोल्डर केलेला असतो, तो तसाच राहील. शिवाय किल्ली आधीच उघडलीत तर त्यांना नकाराला कारण मिळेल. रबराचं सोडा, तक्रार स्विचची करा. सेल बदलून पाहिलाय, दुसरी किल्ली चालते, हे जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहून घ्या. तरीही नाही म्हणाले तर कारण लेखी मागा आणि तो कागद थेट कंपनीच्या ग्राहक विभागाला पाठवा. तोंडी नकार धरून बसू नका, मुदत निघून जाईल.

प्रतिसाद २
पुढे कधी कव्हर बदललंत तर एक सांभाळा. काही किल्ल्यांत इमोबिलायझरची चिप (जिच्यावरून गाडी किल्ली ओळखते आणि इंजिन चालू होऊ देते) बोर्डावर नसते, कव्हरच्या खाचेत सुटी बसवलेली असते. मी ती जुन्या कव्हरसकट टाकून दिली होती. दार रिमोटने उघडायचं, इंजिन काही केल्या चालू होईना. नशिबाने कचरा गेला नव्हता.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. उद्याच जॉब कार्ड करतो. नवीन किल्ली मिळालीच तर कोडिंगला जुनीही न्यायची का?

प्रतिसाद १
हो, चालणारी कपाटातली किल्ली नक्की न्या. बऱ्याच गाड्यांत नवीन किल्ली नोंदवताना सगळ्याच पुन्हा नोंदवतात, तेव्हा जी समोर नसते ती बाद होते.