स्वस्तातल्या स्प्रिंग एअर रायफलची अचूकता कशी वाढवावी?

कृष्णाकाठ :
नमस्कार. माझी मुलगी नववीत असून तिने यंदा 10 मीटर ओपन साइट (म्हणजे दुर्बिणीशिवाय, नळीवरची पुढची माशी मागच्या खाचेतून पाहून नेम धरायच्या) एअर रायफलचा सराव सुरू केला आहे. क्लबमध्ये तिला आठवड्यातून मोजकाच वेळ मिळतो, म्हणून घरच्या सरावासाठी आम्ही एक साधी, नळी मोडून एकेक छर्रा भरायची .177 इंच व्यासाची भारतीय बनावटीची स्प्रिंग रायफल घेतली. जुन्या घराच्या लांब पडवीत 10 मीटर अंतर नीट मिळते, मागे वाळूची पोती रचली आहेत आणि त्या बाजूने कोणी ये-जा करणार नाही याची व्यवस्था केली आहे. अडचण अशी आहे की क्लबच्या रायफलने तिचे छर्रे एका नाण्याखाली झाकले जातात, पण या रायफलने तेच छर्रे साधारण चार सेंटिमीटरच्या वर्तुळात विखुरतात. दुकानदार म्हणतात की जोरदार स्प्रिंग टाका आणि वर दुर्बीण बसवा. महागडी मॅच रायफल घेण्याची सध्या आमची ऐपत नाही. आहे त्याच रायफलमधून अधिक अचूकता काढता येईल का, आणि येत असेल तर सुरुवात कोठून करावी?

लेथवाला :
नमस्कार. खर्च करण्यापूर्वी चार सेंटिमीटर या आकड्याचा विचार करावा, कारण त्यातूनच दोष कोठे शोधायचा हे बरेचसे कळते. छर्रा सरासरी 160 मीटर प्रति सेकंद वेगाने गेला तर 10 मीटरपर्यंत तो सुमारे 19 मिलिमीटर खाली येतो आणि 170 च्या वेगाने गेला तर सुमारे 17 मिलिमीटर. म्हणजे दर वेळी वेग दहा मीटरने कमीजास्त झाला तरी लक्ष्यावर त्याचा परिणाम दोनच मिलिमीटरचा होतो. तेव्हा तुमचा विखुरलेपणा स्प्रिंग कमजोर असल्यामुळे आलेला नाही आणि जोरदार स्प्रिंग टाकून तो जाणारही नाही. उलट जोरदार स्प्रिंगने धक्का वाढेल, रायफल भरणे मुलीला जड जाईल आणि विखुरलेपणा बहुधा वाढेल.

एवढी मोठी चूक सहसा काहीतरी ढिले असल्यामुळे होते. दस्त्याच्या (रायफलच्या लाकडी भागाच्या) पुढच्या बाजूचे डावे-उजवे स्क्रू आणि चापाच्या कड्याजवळचा स्क्रू तपासा. स्प्रिंगच्या धक्क्याने ते सतत सैल होत राहतात आणि दस्त्याचे लाकूड हवामानाप्रमाणे फुगते-आकसते, त्यामुळे पावसाळ्यात घट्ट बसवलेला स्क्रू उन्हाळ्यात हलू लागतो. योग्य मापाच्या पेचकसाने ते सारख्या जोराने आवळा. अंगातली सगळी ताकद लावून लाकूड चेपू नका. त्यानंतर रायफल भरलेल्या स्थितीत कधीही करू नये अशी एक तपासणी करा: रायफल रिकामी असताना, चाप तयार न करता नळी बंद ठेवून ती डावी-उजवीकडे हलते का ते हाताने पाहा. हलत असेल तर नळीच्या बिजागरीचा बोल्ट सैल आहे.

यानंतर छर्रे बघा. स्वस्त डब्यातल्या छर्‍यांची शेपटाकडची पातळ कड बऱ्याचदा चेपलेली असते. सपाट काचेवर घरंगळवले की चांगला छर्रा शांतपणे गोल फिरतो आणि चेपलेला डगमगतो. असे बाजूला काढा. सपाट डोक्याच्या छर्‍यांचे तीन-चार वेगवेगळे डबे आणून प्रत्येकाचे निरनिराळे ग्रुप (एकाच नेमाने मारलेल्या छर्‍यांचे पुंजके) काढा. एका नळीला 4.49 मिलिमीटरचे डोके मानवते, दुसरीला 4.50 चे, आणि हे मारून पाहिल्याशिवाय कळत नाही. नवा छर्रा सुरू केल्यावर नळी त्याला सरावेपर्यंतचे पहिले काही नेम मोजू नका.

सह्यवारा :
लेथवाला यांचे म्हणणे पटते, तरीही मी दुर्बीण सुचवेन. डोळ्यांची चूक निघून गेल्याशिवाय रायफल खरोखर किती अचूक आहे हे समजणार नाही. चौपट मोठे दाखवणारी साधी 4×32 दुर्बीण फार महाग नसते.

मावळतीर :
नमस्कार. मी शाळकरी मुलामुलींना ओपन साइट शिकवते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

या रायफलवर दुर्बीण मला दोन कारणांनी गैर वाटते. पहिले म्हणजे स्प्रिंग रायफलचा धक्का दुहेरी असतो. स्प्रिंगने ढकललेला आतला पिस्टन पुढे धावताना रायफल मागे येते आणि पिस्टन दाबलेल्या हवेवर आदळून थांबताना ती पुढे झेपावते. हा उलटा झटका साध्या दुर्बिणीला सहन होत नाही. शिवाय बहुतेक साध्या दुर्बिणी लांब अंतरासाठी जुळवलेल्या असल्यामुळे 10 मीटरवर डोळा जरा हलला तरी नेम हलल्यासारखा दिसतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. मोडत्या नळीच्या बहुतेक रायफलींमध्ये पुढची माशी आणि मागची खाच या दोन्ही नळीबरोबरच हलतात, त्यामुळे नळी बंद होताना केसभर इकडेतिकडे बसली तरी नेम आणि नळी एकमेकांना सोडत नाहीत. दुर्बीण मात्र मागच्या, पिस्टन असलेल्या नळकांड्यावर बसते आणि बिजागरीतला प्रत्येक दोष सरळ लक्ष्यावर उमटतो. मुलीची स्पर्धाही ओपन साइटचीच आहे, तेव्हा तिच्या डोळ्याला त्याचीच सवय लागू द्यावी.

आता पकडीविषयी. क्लबची रायफल बहुधा दाबलेल्या हवेवर चालणारी असेल. तिला धक्का जवळजवळ नसतो, म्हणून ती घट्ट धरली तरी चालते. स्प्रिंग रायफलमध्ये छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच तो दुहेरी धक्का सुरू झालेला असतो आणि तेवढ्या क्षणात रायफल जशी हलेल तसा छर्रा जातो. ती हलणारच, आपल्याला फक्त दर वेळी ती सारखीच हलेल एवढे पाहायचे आहे. त्यासाठी डाव्या हाताचा तळवा दस्त्याखाली प्रत्येक वेळी त्याच जागी असावा (तेथे चिकटपट्टीची खूण करा), बोटांनी दस्ता आवळू नये, खांद्याला बट (दस्त्याचे मागचे टोक) हलकेच टेकावे आणि गालाचा दाबही दर वेळी सारखा असावा. चाप ओढल्यावर छर्रा लागल्याचा आवाज येईपर्यंत आणि त्यानंतरही क्षणभर माशीवरची नजर हलवू नये. पाहण्यासाठी लगेच मान वर करण्याची सवय क्लबच्या रायफलवर खपून जाते, स्प्रिंग रायफलवर मुळीच खपत नाही.

रायफलची परीक्षा घेताना तिला टेबलावर किंवा पोत्यावर थेट ठेवू नका, कारण कडक आधारावरून ती उसळते आणि ग्रुप निराळ्याच जागी जातो. पोत्यावर हात ठेवा आणि हातावर रायफल ठेवा.

नेमाबद्दल एक हिशेब मुलीला जरूर दाखवा. माशी आणि खाच यांच्यात 45 सेंटिमीटर अंतर धरले, तर माशी खाचेत फक्त 0.1 मिलिमीटर बाजूला सरकल्याने 10 मीटरवर छर्रा सुमारे 2.2 मिलिमीटर हुकतो. एअर रायफलच्या आंतरराष्ट्रीय लक्ष्यावर दोन कड्यांमधले अंतर 2.5 मिलिमीटर असते, म्हणजे जवळजवळ एक गुण गेला. म्हणून नजर माशीवरच स्पष्ट हवी आणि लक्ष्याचा काळा गोल थोडा धूसर दिसला तरी चालतो. माशीच्या दोन्ही बाजूंना उजेडाची फट सारखी असावी आणि काळ्या गोलाखाली पांढरी बारीक रेघ राहील असा सहाच्या काट्याचा नेम धरावा. माशी चकाकत असेल तर कापूर जाळून त्याची काजळी तिच्यावर धरावी. जुने नेमबाज हेच करत आले आहेत आणि मला अजून त्याहून चांगला उपाय सापडलेला नाही. ग्रुप लहान झाल्याशिवाय खाचेचे स्क्रू फिरवू नका. तो लहान झाला की छर्रे ज्या दिशेला न्यायचे आहेत त्याच दिशेला मागची खाच सरकवा.

कृष्णाकाठ :
ताई, आणि लेथवाला साहेब, मनापासून आभार. दस्त्याचा एक पुढचा स्क्रू खरोखरच सैल निघाला आणि तो आवळल्यावर मुलीने हात पोत्यावर ठेवून मारलेला ग्रुप आधीच्या जवळजवळ निम्मा झाला. अजून एक गोष्ट विचारतो. कधीकधी रायफलचा आवाज एकदम मोठा होतो, नळीतून धूर येतो आणि तो छर्रा हमखास वर लागतो. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे आम्ही नळीच्या मागच्या छिद्रात शिलाई मशीनचे तेल सोडत होतो. त्याचा हा परिणाम असेल का?

लेथवाला :
होय, तेलाचाच. पिस्टन हवा इतक्या वेगाने दाबतो की ती तापून तेलाची वाफ पेटते आणि त्या छर्‍याला जादा वेग मिळतो. यामुळे पिस्टनचा वॉशर (हवा अडवणारी चकती) आणि स्प्रिंग दोन्ही खराब होतात, म्हणून तेल सोडणे पूर्ण बंद करा. फार जुन्या बंदुकांत चामड्याचा वॉशर असतो आणि त्याला क्वचित एखादा थेंब लागतो, पण नव्या रायफलींतल्या कृत्रिम वॉशरला ती गरज नसते. उरलेले तेल जळून संपेपर्यंत आणखी काही छर्रे असे जातील. त्यानंतर नळी मागून पुढे कोरड्या कापडाने पुसा, आणि पुसताना नळीच्या तोंडाच्या आतल्या कडेला लोखंडी गज घासू देऊ नका, कारण छर्रा शेवटचा स्पर्श त्याच कडेला करतो.

नळी बंद होते तेथील गोल वॉशरही तपासून घ्या. जोडावर टिश्यू कागदाची पट्टी सैल ठेवून पोत्याकडे एक छर्रा मारा. पट्टी फडफडली तर हवा गळते आहे आणि तो वॉशर थोड्या पैशांत बदलता येतो. आतली मुख्य स्प्रिंग मात्र घरी काढू नका. ती दाबलेल्या स्थितीतच बसवलेली असते आणि योग्य साधनाशिवाय सोडली तर इजा करते. चापाचे आतले दातही कानसीने घासू नयेत. चाप थोडा जड राहिला तरी चालेल, पण तो अवचित सुटणे परवडणार नाही.

मावळतीर :
यात माझी एक भर. छर्रा बसवताना मुलीने दुसऱ्या हाताने उघडी नळी कायम धरून ठेवावी, कारण चाप चुकून सुटला तर नळी झटक्यात मिटते आणि बोट मध्ये सापडते. छर्रा न भरता रायफलचा बार कधीही काढू नये. पुढे छर्‍याचा अडथळा नसला की पिस्टन थेट नळकांड्याच्या टोकावर आदळतो. पडवीत असणाऱ्या सगळ्यांनी चष्मा घालावा आणि छर्रे शिशाचे असल्याने सरावानंतर हात साबणाने धुवावेत. तेल जळून संपले की त्याच छर्‍यांचा ग्रुप पुन्हा हात पोत्यावर ठेवून काढा आणि लक्ष्याच्या कागदाचे छायाचित्र येथे टाका. छर्रे आडवे पसरले आहेत की उभे, यावरून पुढे पकड सुधारायची की चाप ओढण्याची पद्धत, हे सांगता येईल.