चर्चच्या बाकांवर देणगीदारांची नावं हवीत कशाला?

गोदाकाठ (धागाकर्ता)
आमच्या मंडळीत नवीन बाकं आली. सागवानी, छान पॉलिश केलेली. प्रत्येकाच्या पाठीवर पितळी पट्टी: 'अमुक यांच्या स्मरणार्थ तमुक परिवाराकडून'. रविवारी पाळकसाहेब इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय वाचत होते. तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने, विश्वासाच्या द्वारे. कर्मांनी नाही, नाहीतर माणूस बढाई मारेल. समोर पाहिलं तर बढाई नाकासमोरच, चार स्क्रूंनी पक्की केलेली!

माझं म्हणणं, पट्ट्या काढा. पावतीवर नाव असतंच, तेवढं पुरे. पैसे भरा आणि पापाच्या शिक्षेत सूट घ्या, या धंद्यावर जर्मन धर्मसुधारक लूथर १५१७ साली उठला, आणि त्याचा वारसा सांगणारे आपण प्रोटेस्टंट तोच धंदा सौम्य करून चालवतो. पट्टीने स्वर्ग मिळतो असं कोणी म्हणत नाही. पण पट्टीवाल्याच्या बाकावर दुसरं कोणी बसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

हिशोबनीस
मी मंडळीची खजिनदारी केली आहे, म्हणून बोलतो. छपराची गळती विश्वासाने थांबत नाही. निनावी देणगीचं आवाहन केलं की पेटीत दहा-वीसच्या नोटा पडतात. पट्टी लागणार म्हटलं की लोक स्वतःहून फोन करतात. आणि बहुतेक पट्ट्यांवर गेलेल्या आईवडिलांची नावं आहेत. त्यात बढाई कसली?

जेल रोड
मी कॅथलिक. बाकांचं तुमचं तुम्ही बघा, पण लूथरला मध्ये आणलंत म्हणून लिहितो. 'कॅथलिक लोक सत्कर्मांनी स्वर्ग विकत घेतात' हे ऐकून कान किटले. आमच्या कॅथलिक चर्चच्या ट्रेंट धर्मपरिषदेने १५४७ साली पहिल्याच कलमात सांगितलं की कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी कोणी देवापुढे नीतिमान ठरत नाही. मात्र कृपा मिळाल्यावर हातावर हात ठेवून बसायचं नाही, हेही सांगितलं.

याकोबाचं पत्र काढून वाचा. भाऊ उघडा आहे, उपाशी आहे, आणि आपण त्याला म्हणतो, 'जा सुखाने, ऊब घे, पोट भर.' देत काहीच नाही. असला विश्वास निर्जीव, असं याकोब सरळ म्हणतो. लूथरला हे पत्र इतकं टोचलं की त्याने त्याला गवताचं म्हटलं.

गोदाकाठ
मग नाशिकरोडला फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेत मेणबत्त्या लावून नवस फेडतात, तो व्यवहार नाही का?

जेल रोड
काहींचा असेल. बाकीचे आभार मानायला येतात. रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या मनातलं तुम्हाला कसं कळतं?

शरणपूर रोड
गोदाकाठ, तुमच्या बाजूने एक मुद्दा. मत्तय २५ मध्ये न्यायाच्या दिवशी उजवीकडचे लोक विचारतात, 'प्रभू, आम्ही तुला भुकेला कधी पाहिलं?' केलेलं त्यांना आठवतसुद्धा नाही. पट्टी लावणारा मात्र विसरायची सोयच ठेवत नाही.

आणि आपल्या नाशिकच्या शरणपूर वस्तीचंच बघा. १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडच्या संस्थेने ती वसवली. हे इव्हँजेलिकल लोक, तारण फक्त विश्वासाने असं मानणारे. तरी गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे आणली, त्यांना लिहायला-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकवलं. जेकब वेनराइट त्यांच्यातलाच. आफ्रिकेत वारलेल्या मिशनरी-प्रवासी लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवाबरोबर तो इंग्लंडला गेला आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी वाहणाऱ्यांत होता. 'फक्त विश्वास' म्हणणारे काही करत नाहीत, हा आरोप निदान नाशिकमध्ये तरी करू नये.

जेल रोड
शरणपूरचं मान्य. मत्तयाचं नाही. पुढच्या ओळी वाचा की! डावीकडचेही हेच विचारतात, 'कधी पाहिलं?' विसर दोघांनाही पडलाय. फरक एवढाच की एकांनी जेवू घातलं, दुसऱ्यांनी नाही.

शरणपूर रोड
हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तरी जेवू घालणं हे फळ आहे, मूळ नाही. पौल गलतीकरांना लिहितो तो 'प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास' हाच.

जेल रोड
मग भांडण कुठे उरलं? कॅथलिक आणि लूथरन मंडळींनी १९९९ साली ऑग्सबर्गला याच प्रश्नावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. २००६ मध्ये मेथडिस्टही आले. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण एकमेकांना पाखंडी ठरवणं थांबलं. आपण मात्र अजून पितळेवरून भांडतोय.

पंचवटीकर
मी हिंदू, आगंतुक म्हणा. आमच्याकडे देवळात पंख्याच्या पात्यावर दात्याचं नाव असतं. पंखा फिरायला लागला की वाचता येत नाही. तुम्हीही बाकांऐवजी पंखे घ्या 😄

गोदाकाठ
पंचवटीकर, हे कमिटीत सुचवतो 😄 बाकीच्यांना एकच विचारतो. येशूशेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोराने कुठलं बाक दिलं होतं? तरी त्यालाच 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील' हे वचन मिळालं.

हिशोबनीस
अहो, त्याच्याकडे काही तासच उरले होते. तुम्ही दर रविवारी धडधाकट येऊन त्याच बाकावर टेकून बसता.

गोदाकाठ
टोमणा पोचला. पण पैसे नकोत असं मी म्हणतच नाही, नाव नको म्हणतोय. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीला लेखी अर्ज देतो. पट्ट्या काढून एक वही ठेवा, स्मरणार्थ आलेली नावं वर्षातून एकदा प्रार्थनेत घ्या. दहाची नोट टाकणाऱ्या विधवेच्या नवऱ्याचं नावही त्याच वहीत, त्याच अक्षरात.

हिशोबनीस
वहीला माझी हरकत नाही. पट्ट्या काढायच्या ठरावाला मात्र मी विरोधात मत देणार. ज्यांनी नावासाठी दिले त्यांना आपणच शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द पाळणं हेही सत्कर्मच आहे.