संगत कोन समान असतात ना? मग लेकीचं उत्तर चूक कसं?

आर्याची आई, कराड
लेक आठवीत, मराठी माध्यम. चाचणीत आकृती होती: दोन रेषा आणि त्या दोघींना छेदणारी तिसरी, म्हणजे छेदिका. छेदिकेच्या एकाच बाजूचे आंतरकोन, म्हणजे दोन रेषांच्या मधले कोन, 72° आणि 110°. विचारलं होतं, 72° च्या कोनाचा संगत कोन किती? तिने 72° लिहिलं, कारण 'संगत कोन समान असतात' हे पाठ आहे. बाईंनी फुली मारली. रात्री जेवली नाही पोर. मी दहावीनंतर गणिताला हात लावलेला नाही, समजावू कसं?

राहुल
72 + 110 = 182. रेषा समांतर असत्या तर बेरीज 180 आली असती. त्या समांतर नाहीतच.

निवृत्त गणित शिक्षक
राहुलचं बरोबर आहे, पण मूळ अडचण वेगळी आहे. ताई, 'संगत' हे जागेचं नाव आहे, मापाचं नाही. दोन्ही छेदनबिंदूंपाशी सारख्याच कोपऱ्यात बसलेले कोन ते संगत. रेषा वाकड्यातिकड्या असल्या तरी ते संगतच राहतात. समान मात्र रेषा समांतर असल्या तरच. आमच्या वर्गात निम्मी मुलं इथेच अडकायची, आणि दोष त्यांचा नसायचा. पुस्तकात लागोपाठ समांतर रेषाच दिसतात, मग ती अट नजरेआड होते.

कंपासपेटीतला 30-60 चा गुण्या घ्या. पट्टी घट्ट दाबून धरा, 60° चा कोपरा करणारी एक कड तिला टेकवा आणि दुसऱ्या कडेने रेघ मारा. गुण्या पट्टीवरूनच तीन सेंमी सरकवून पुन्हा रेघ. पट्टी झाली छेदिका. कोपरा तोच, म्हणून रेघा समांतर. आता तिसरी रेघ मारताना गुण्या जरासा तिरका करा आणि कोनमापक लावू द्या तिलाच.

चाचणीतलं उत्तर 70°. तो कोन 110° च्या रेषीय जोडीत आहे, म्हणजे दोघं शेजारी बसून सरळ रेषा करतात, म्हणून 180 − 110. त्याला समांतर रेषा लागत नाहीत. विरुद्ध कोनांनाही, म्हणजे एकाच छेदनबिंदूपाशी समोरासमोर बसलेल्यांनाही नाही, ते कायम समान.

आर्याची आई, कराड
सर, आत्ताच ओट्याशेजारी बसून केलं. तिसऱ्या रेघेला 53° आले. ती म्हणाली, "आई, जागा तीच आहे, फक्त माप बदललं!" मला भरून आलं. अजून एक, कोटिकोन आणि पूरककोन यांत ती सारखी गोंधळते.

निवृत्त गणित शिक्षक
शाब्बास पोरीला! कोटि म्हटलं की काटकोन आठवायचा, बेरीज 90°. दोन्हीत क आणि ट आहेत. पूरक म्हणजे सरळ रेषा पुरी करणारे, 180°. पण ही मापाची नावं आहेत. 40° चा कोन एका पानावर आणि 50° चा दुसऱ्या पानावर असला तरी ते कोटिकोनच. रेषीय जोडीला मात्र दोन्ही कोन शेजारीच लागतात. उद्या हे दोन पानांवर काढून दाखवा तिला.